घरच्या कॉम्प्युटरवरचा एआय मराठी दस्ताची पहिली पानं विसरतो, त्यावर इलाज

तक्रार अशी असते. ओलामा किंवा एलएम स्टुडिओ हे प्रोग्रॅम टाकून तुम्ही एआय मॉडेल स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता. छोट्या प्रश्नांना उत्तरं नीट येतात. मग सात-आठ पानांचा मराठी दस्त त्यात चिकटवता आणि सगळं बिघडतं. पहिल्या पानावरच्या माणसांचा पत्ताच नसतो, ‘मराठीत उत्तर दे’ सांगूनही उत्तर हिंदीत येतं, पाच मुद्दे मागितले तर निबंध येतो. एखादी सेटिंग बदलली की तो दिवस बरा जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एरर कुठेच दिसत नाही.

मी सोलापुरात एका वकिलांच्या कचेरीत टायपिंग आणि कॉम्प्युटरचं सगळं काम बघते. जमिनीची कामं जास्त: वाटपपत्रं, खरेदीखतं, फेरफाराच्या हरकती. यंदा गड्डा यात्रेच्या आठवड्यात मोहोळ तालुक्यातलं एक वाटपपत्र आलं. चार भाऊ, एक बहीण. मी मॉडेलला गोषवारा करायला सांगितला आणि प्रिंट साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचून एवढंच विचारलं, ‘ताई, बहीण कुठं गेली? आणि थोरला भाऊ?’ दोघांचीही नावं पहिल्या दोन पानांवर होती. गोषवाऱ्यात तीन भाऊ उरले होते, आणि ‘तीनही भावांना समान हिस्सा’ असं वाक्य अगदी ठामपणे लिहिलेलं होतं. वाटपाच्या कागदातून बहिणीचं नाव गळतं तेव्हा पुढे काय काय होतं, ते मी या कचेरीत रोज बघते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तरी कागदावरून तिला गाळायला माणसं टपलेलीच असतात. त्यात मशीननं हातभार लावावा हे मला सहन होईना, म्हणून मी याच्या मुळाशी गेले.

पहिला सल्ला सगळ्यांनी एकच दिला: ‘कशाला डोकं फोडतेस, ऑनलाइन चॅटबॉटवर टाक, दोन मिनिटांत होईल.’ होईलही. पण तो कागद आपला नसतो. पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट उघड करायची नाही हा नियम भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे, आणि तो वकिलाच्या कारकुनाला नि नोकरांनाही लागू आहे. म्हणजे तो मलाही बांधतो. अक्कलकोट रोडला लूम असलेले एक पक्षकार कागद देताना दर वेळी म्हणतात, ‘मॅडम, हे मोबाईलवर कुठं टाकू नका बरं.’ त्यांना हो म्हणायचं आणि तोच कागद परदेशातल्या सर्व्हरवर पाठवायचा, हे जमणार नाही. चॅट नंतर पुसता येते असं कुणी म्हणालं तर त्यांना मे २०२५ मधली गोष्ट सांगावी. न्यूयॉर्क टाइम्सच्या दाव्यात अमेरिकेतल्या न्यायालयानं ओपनएआयला वापरकर्त्यांनी पुसलेल्या चॅटसुद्धा जपून ठेवायचा आदेश दिला होता. सप्टेंबरमध्ये ते बंधन उठलं, पण मधल्या महिन्यांत पुसलेलं खरोखर पुसलं जात नव्हतं. कंपनीची इच्छा असो वा नसो, कागद दुसऱ्याच्या घरी गेला की त्याच्यावर दुसऱ्याचे नियम चालतात.

म्हणून मॉडेल कचेरीतच चालवायचं. आता दुरुस्तीकडे.

आधी निदान करा, त्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावू नका. मी खूणशब्द वापरते. दस्ताच्या अगदी पहिल्या ओळीच्या वर लिहायचं: ‘पहिला खूणशब्द शेंगाचटणी.’ मध्यावर कुठेतरी: ‘दुसरा खूणशब्द हुरडा.’ शेवटी: ‘तिसरा खूणशब्द कडकभाकरी.’ आणि त्याखाली प्रश्न: ‘वरच्या मजकुरातले तीनही खूणशब्द सांग.’ हे शब्द दस्तात असायचं कारण नाही, त्यामुळे मॉडेलला अंदाजानं ठोकून देता येत नाही. तिन्ही आले तर मजकूर पूर्ण पोचलाय, दोष दुसरीकडे आहे. फक्त शेवटचा आला, किंवा शेवटचे दोन आले, तर सुरुवात कापली जातेय. पहिला-तिसरा आला आणि हुरडा गायब असेल तर मधला भाग कापला जातोय. वाटपपत्रावर हे करून बघितलं तेव्हा आमच्या मशीनवर फक्त कडकभाकरी आली.

कापाकापी होते ती अशी. मॉडेल एका वेळी किती मजकूर डोळ्यांसमोर ठेवू शकतं याला मर्यादा असते, तिला कॉन्टेक्स्ट म्हणतात आणि ती टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत, मोजतात. मॉडेलची स्वतःची क्षमता वेगळी आणि ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं दिलेली जागा वेगळी. गूगलच्या जेम्मा ३ चं ४ अब्जवालं मॉडेल (अब्जांचा आकडा म्हणजे मॉडेलचा आकार) १ लाख २८ हजार टोकनपर्यंत जाऊ शकतं. पण ओलामा आमच्यासारख्या ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर मुळात ४०९६ टोकनचीच जागा देतो. जुन्या आवृत्त्यांत तर २०४८ होती. दस्त यापेक्षा मोठा झाला की ओलामा तक्रार करत नाही, सुरुवातीचा भाग काढून टाकतो आणि शेपूट मॉडेलला देतो. मॉडेलच्या दृष्टीनं दस्त तिथूनच सुरू होतो. म्हणून तर ते इतक्या खात्रीनं तीन भाऊ म्हणालं. त्याच्यासमोर तेवढेच होते.

आणि इथे मराठीला जास्त फटका बसतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि जोडाक्षरातला प्रत्येक हलंत कॉम्प्युटरच्या साठवणीत ३ बाइट घेतो. ‘क्षेत्र’ हा सातबाऱ्यावरचा साधा शब्द २१ बाइटचा होतो, त्याच अर्थाचा इंग्रजी ‘एरिया’ ४ बाइटचा. टोकन बाइटइतकेच पडतात असं नाही, चांगलं मॉडेल नेहमीचे तुकडे एकत्र ओळखतं. तरी इंग्रजी शब्द बहुतेक वेळा एका टोकनात बसतो आणि मराठी शब्दाला दोन, तीन, कधी त्याहून जास्त लागतात. कचेरीतल्या कामासाठी मी शब्दामागे तीन टोकन धरते. टाइप केलेल्या पानावर साडेतीनशे शब्द धरले तर एक पान हजाराच्या वर टोकन खातं. म्हणजे ४०९६ मध्ये चार पानंही बसत नाहीत, आणि उत्तराची जागाही त्यातूनच जाते. आठ पानांच्या वाटपपत्राचा निम्म्याहून जास्त भाग मॉडेलनं पाहिलाच नव्हता. इंटरनेटवरचे सल्ले इंग्रजी कागद डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. त्यांचं ‘दहा पानं आरामात बसतात’ आपल्याला लागू पडत नाही.

हिंदी उत्तराचं कोडंही इथेच सुटलं. मी ‘मराठीत लिही, मुद्देसूद लिही, कुणाचंही नाव गाळू नकोस’ या सूचना सगळ्यात वर लिहीत होते. मॉडेल ऐकत नाही म्हटल्यावर त्या आणखी कडक करत होते. आणि कापल्या जात होत्या त्याच. त्या दिवसापासून सूचना दस्ताच्या खाली लिहिते. कॉन्टेक्स्ट पुरेसा असला तरी ही सवय सोडलेली नाही.

आता ओलामात जागा कशी वाढवायची. त्याचं खिडकीवालं ॲप असेल तर सेटिंग्जमध्ये कॉन्टेक्स्ट लेंग्थची सरकपट्टी आहे, ती ४ हजारांवरून १६ हजारांवर न्या. काळ्या पडद्यावर, म्हणजे कमांडच्या खिडकीत, चालवत असाल तर मॉडेल सुरू केल्यावर ‘स्लॅश सेट पॅरामीटर नम-सीटीएक्स’ आणि पुढे १६३८४ लिहायचं. नम आणि सीटीएक्सच्या मध्ये अंडरस्कोअर येतो आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरचे लागतात. दुखणं परत परत येण्याचं कारण इथे आहे: ही आज्ञा त्या बैठकीपुरतीच टिकते. संध्याकाळी मशीन बंद, सकाळी पुन्हा ४०९६. तीन आठवडे मी हे सोसलं, कारण काल चाललेली गोष्ट आज बिघडली की संशय आपोआप दस्तावर जातो. कायमचा इलाज असा की पॅरामीटर बदलल्यावर लगेच ‘स्लॅश सेव्ह’ लिहून मॉडेलला नवं नाव द्यायचं. मी इंग्रजी अक्षरांत ‘दस्त’ दिलंय. रोज तेच नाव उघडलं की १६३८४ सोबत येतात. नवीन आवृत्त्यांत ‘ओलामा पीएस’ ही आज्ञा दिली की चालू मॉडेलसमोर कॉन्टेक्स्टचा आकडा दिसतो. तो बघितल्याशिवाय मोठा कागद टाकू नका.

कापाकापी झाली का याचा लेखी पुरावा हवा असेल तर ओलामाची सर्व्हर लॉग फाईल उघडा. तिथे ‘ट्रंकेटिंग इनपुट प्रॉम्प्ट’ अशी ओळ सापडेल, सोबत मर्यादा किती आणि मजकूर किती टोकनचा होता तेही. मला ती ओळ तीन आठवड्यांनी सापडली. इतकी महत्त्वाची सूचना वापरणाऱ्याच्या तोंडावर यायला हवी, लॉगमध्ये पुरून ठेवायला नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

या बाबतीत एलएम स्टुडिओ सरस आहे. मॉडेल लोड करतानाच कॉन्टेक्स्ट लेंग्थ विचारतो, चॅटच्या खिडकीत किती जागा भरली ते दिसतं, आणि जागा संपली की काय करायचं ते आपण ठरवू शकतो. पर्याय तीन: जुनं सरकत बाहेर टाकणं, मधलं कापणं, किंवा मर्यादेला थांबणं. कायद्याच्या, हिशेबाच्या, दवाखान्याच्या कागदांना थांबणं हाच पर्याय ठेवा. काम अडलेलं चालेल, गुपचूप अर्धवट झालेलं चालणार नाही. इथेही आकडा बदलल्यावर मॉडेल काढून पुन्हा लोड करावं लागतं, आणि कायमचा हवा असेल तर मॉडेलांच्या यादीत त्या मॉडेलच्या सेटिंग्जमध्ये तो मूळ आकडा म्हणून बसवावा लागतो.

एलएम स्टुडिओत एक खाचखळगा मात्र आहे. फाईल जोडली आणि ती मोठी असली, तर तो पूर्ण फाईल मॉडेलला देत नाही. प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून तेवढेच देतो. ‘चतुःसीमा काय आहे?’ याला हे चालतं, तुकडा सापडतो. ‘एकूण किती वारस आहेत?’ याला चालत नाही, कारण मोजायला सगळा कागद लागतो. मोजणीचे प्रश्न असतील तेव्हा फाईल न जोडता मजकूर चिकटवा.

खूणशब्द तिन्ही आले आणि तरी उत्तर बाष्कळ असेल, तर मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. आपल्याकडे कचेऱ्यांत वर्षानुवर्षं श्री-लिपी आणि कृती देवसारख्या फॉन्टांत टायपिंग झालंय. वर्डमध्ये तो मजकूर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो एवढंच. नोटपॅडमध्ये गिचमिड दिसली की समजायचं, मॉडेललाही तीच दिसतेय. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, न्यावा लागतो. इथे चांगली माणसं फसताना मी पाहिली आहेत: मॉडेल घरी चालवतात आणि फॉन्ट बदलायला सगळा दस्त कुठल्यातरी ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकतात. मग एवढा खटाटोप कशासाठी केला? असे बरेच कन्व्हर्टर एका वेबपानात असतात. पान सेव्ह करा, नेट बंद करा, आणि चालतंय का बघा. चाललं तर तेच वापरा. स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम आहे. तो मराठीची फाईल टाकली की ऑफलाइन चालतो, छापील कागद बऱ्यापैकी वाचतो, पण शिक्क्याखालची अक्षरं चुकवतो. हस्तलिखित आणि मोडीचे कागद मी यात घालतच नाही, ते मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे जातात.

मॉडेल कोणतं? मेटाच्या लामा ३.२ च्या अधिकृत आठ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. जागा पुरेशी असूनही ते मराठीवरून हिंदीवर घसरतं ते त्यामुळेच. गूगलनं मार्च २०२५ मध्ये काढलेलं जेम्मा ३ हे १४० हून अधिक भाषांसाठी आहे आणि त्याचं मराठी मला कामापुरतं नीट वाटतं. ४ अब्जवालं साधारण ३.३ जीबी, १२ अब्जवालं ८ जीबीच्या आसपास. आपल्याकडच्या सर्वम या कंपनीचं सर्वम-१ हे २ अब्जांचं मॉडेल मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी बनवलंय आणि शब्दामागे कमी टोकन खातं. पण ते तसंच्या तसं प्रश्नोत्तरांसाठी घडवलेलं नाही, त्यामुळे कचेरीच्या कामाला मी ते घेतलं नाही.

कॉन्टेक्स्ट वाढवला की रॅम जास्त लागते, म्हणून एकदम १ लाखावर उडी मारू नका. ४ हजार, ८ हजार, १६ हजार असं चढा आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅम बघत राहा. ती भरली की विंडोज डिस्क वापरायला लागतो आणि मॉडेल एकेक अक्षर सांडू लागतं. आमच्या मशीनला १६ जीबी आहे. त्यावर जेम्माचं ४ अब्जवालं १६३८४ सह चालतं, १२ अब्जवालं ब्राउझर बंद करून कसंबसं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो तेव्हा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. उन्हाळ्यात मोठे दस्त सकाळी नऊच्या आत उरकून घेते.

एवढं करून झालं की नेटची वायर काढून एकदा चालवून बघा. चाललं तर मॉडेल खरंच घरचं आहे. ही परीक्षा आता आणखी गरजेची झाली आहे, कारण ओलामाच्या यादीत काही मॉडेलांच्या नावापुढे ‘क्लाउड’ असतं. ती त्याच खिडकीत, तशीच दिसतात, पण त्यांच्या सर्व्हरवर चालतात. वेब सर्चचं बटण बंद ठेवा. मॉडेल वायफायवरच्या इतर कॉम्प्युटरांना उघडं करणारी सेटिंग गरज नसेल तर बंदच असू द्या. आणि डेस्कटॉप बघा: पुष्कळ विंडोज मशीनवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपोआप वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, जातात. आमच्याकडे मॉडेल घरात होतं आणि गोषवारे ढगात चालले होते. आता दस्तांचा फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर आहे, आणि त्या ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलाय.

कधी घरचं मॉडेल कमी पडतं, विशेषतः कायद्याचा सामान्य प्रश्न असतो तेव्हा. त्या वेळी नेटवरचा, पण खासगीपण जपणारा पर्याय मी वापरते. डकडकगोचं डक डॉट एआय आपला आयपी पत्ता मॉडेलवाल्या कंपनीला कळू देत नाही आणि चॅटवर प्रशिक्षण होऊ देत नाही. प्रोटॉनचं लुमो, जुलै २०२५ मध्ये आलेलं, चॅटचा इतिहास अशा कुलपात ठेवतं की तो प्रोटॉनलाही वाचता येत नाही. तरी तिथे प्रश्न जातो, दस्त जात नाही. नावांच्या जागी अ, ब, क घातले म्हणजे झालं असं मानू नका. गावाचं नाव आणि गट नंबर मिळून सातबारा कुणीही काढू शकतं, आणि सातबाऱ्यावर नावं असतात. त्यामुळे गाव, गट, तारीख, रक्कम, सगळं काढून उरेल तेवढंच विचारते.

१६ हजारांतही न मावणारे दस्त येतातच. ते पानांनी न तोडता कलमांनी तोडते: पक्षकारांचा भाग, मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा, मग अटी, मग परिशिष्टं. प्रत्येक भागाचं टिपण वेगळ्या नव्या चॅटमध्ये करते, कारण एकाच चॅटमध्ये ओळीनं घातले तर आधीचे भाग पुन्हा बाहेर पडतात. पक्षकारांची यादी मात्र प्रत्येक भागाच्या शेवटी, सूचनांच्या लगेच वर, पुन्हा चिकटवते. आणि नावं, गट नंबर, क्षेत्र, रकमा हे सगळं मूळ कागदाशी बोट ठेवून ताडते. पूर्ण दस्त समोर असतानाही ४ अब्जवालं मॉडेल हेक्टर-आरचे आकडे इकडचे तिकडे करतं, आणि त्यावर कुठलीही सेटिंग नाही.

ते वाटपपत्र ‘दस्त’ला पुन्हा घातलं. शेंगाचटणी, हुरडा, कडकभाकरी तिन्ही आले. मग गोषवारा काढला. थोरल्या भावाचं नाव पहिलं, बहिणीचं पाचवं, दोघांच्या हिश्श्यांसह. एका गटाचं क्षेत्र चुकलं होतं, ते हातानं दुरुस्त करून प्रिंट साहेबांकडे दिली.